बिनफुलाचं झाड

"बेल न्हाई, फूल न्हाई, तसंच झाकलं ह्यांना?" गौराबाईने विचारले.

बसप्पा मान खाली घालून उभा होता. निजामाची सरहद्द ओलांडून केदारच्या यात्रेला दोघे भाऊ गेले होते. गावी, बोरीला, एकटा धाकटाच परतला होता. घरी न थांबता तो थेट माळावर आला. भावजय तिथे रंगासाठी पळसाची फुले वेचत होती. थोरला शिवरुद्र दिवाळीआधीच वाटेत तापाने गेला, आपणही हरिद्वारला आजारी पडून राहिलो, हे त्याने कसेबसे सांगितले. ती खूप रडली. मग तिने एवढेच विचारले.

"विभूती लावली, वैनी. आपल्या लिंगायत रीतीनं खड्ड्यात बसवलं. जंगमस्वामी अन् दोघं यात्रेकरू हुते संगट. पर त्या थंडीत बेल कुठला?"

"हितं एवढी फुलं मातीत पडायलीत, भावजी. अन् ह्यांना एक न्हाई."

"देवदाराखाली बसवलं. आपला पळस पानं टाकतो, मग फुलतो. देवदार कवाच उघडा पडत न्हाई. बर्फात बी हिरवागार. पानं सुईवानी. आमी चौघांनी हात धरले तरी बुंधा कवेत आला न्हाई."

"अन् फुलतो कवा?"

"फूल धरतच न्हाई त्येला." बसप्पाचा आवाज खाली आला. "पर वैनी, माती लोटायच्या येळंला वारा सुटला. समदं झाड हाललं, अन् वरून पिवळी धूळ उतराया लागली. हळदीवानी. दादाच्या डोक्यावर, खांद्यावर, आमच्या हातांवर. खड्डा पिवळाजर्द झाला. स्वामींनी हात जोडले. कुणाच्यानंच माती लोटवंना."

"कुणी उधळली?"

"कुणी न्हाई. झाडानंच."

गौराबाई ओच्यातली फुले चाचपत राहिली. मग हळूच म्हणाली, "किती उंच हाय त्ये?"

बसप्पाने इकडेतिकडे पाहिले. दाखवावे एवढे उंच माळावर काहीच नव्हते. त्याने बोट वर नेले, पळसाच्या शेंड्याच्याही वर, घिरट्या घालणाऱ्या घारीपर्यंत.

गौराबाईने मान वर केली. वर करतच गेली. डोक्यावरचा पदर घसरून खांद्यावर आला. दीर समोर उभा होता, तरी तो सावरायचे तिला सुचले नाही.