शून्य वापराचं कपाट

अध्यक्षांनी अंगठा जिभेला लावला आणि पुस्तकाचं पान उलटलं. मग पुन्हा जिभेला लावला. टेबलाच्या पलीकडे वाचनालयाच्या बाई उभ्या राहून ते बघत होत्या. या टेबलाशी बसायचं तर पहिलीतल्या पोरालासुद्धा आधी नळावर जाऊन हात धुवावे लागत, आणि ते कोरडे आहेत की नाहीत हे बाई उलटसुलट करून बघत. आणि हे गृहस्थ, शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष, फरश्यांचे मोठे व्यापारी, बिस्किटाचा चुरा लागलेल्या बोटांनी देवमाशाच्या पोटावर ओले ठसे उमटवत बसले होते.

"चित्रं झकास आहेत," ते म्हणाले. "पण वापर?"

"शून्य," मोजणीचं मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला. त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "या काचेच्या कपाटातलं एकही पुस्तक कधीच कुणी नेलेलं नाही सर. पूर्ण कपाट शून्य आहे."

मंडळाने नवं धोरण केलं होतं. वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाचा वापर मशीनवर मोजायचा, जे पुस्तक घरी जात नाही ते रद्दीत काढायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत टॅब बसवायचे. धोरण एकमताने मंजूर झालं होतं. म्हणजे चहा येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नव्हतं आणि चहा आल्यावर त्याची गरज उरली नव्हती.

"साहेब, या कपाटातली पुस्तकं मी घरी देतच नाही," बाई म्हणाल्या. "मोठी पुस्तकं आहेत, महागाची आहेत. परत मिळायची नाहीत. मुलं इथंच बसून वाचतात. रोज वाचतात."

"त्याची नोंद?"

"नोंद कशाला हवी? मुलं बसलेली दिसतात की."

कंपनीचा माणूस समजूतदारपणे हसला. लहान मुलाशी बोलावं तसं तो म्हणाला, "मॅडम, दिसण्यावर सिस्टिम चालत नाही."

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ते खिडकीच्या गजांकडे बघत बसले होते. अध्यक्षांनी पुस्तक मिटलं, त्यावर चहाचा कप ठेवला आणि जाहीर केलं, "पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. आकडा हलला तर ठीक, नाहीतर कपाट हलेल." स्वतःच्या विनोदावर ते इतके खूश झाले की जाताना दारातून वळून तो त्यांनी आणखी एकदा सांगितला.

मंडळी गेल्यावर बाईंनी ओला रुमाल घेऊन तो गोल डाग पुसला. डाग निघाला, पण शिसारी काही जाईना.

मुख्याध्यापक दार लोटून परत आले. नात्याने ते बाईंचे धाकटे दीर. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा हा चौथीत होता. त्याचं दप्तर भरण्यापासून निबंध तपासण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलेलं. चारचौघांत तो त्यांना बाई म्हणे, आणि दार लोटलं की वहिनी.

"वहिनी, एवढं काय मनाला लावून घेता? मशीनला आकडा हवा ना? द्या की आकडा."

"म्हणजे?"

"मुलांच्या नावावर पुस्तकं चढवा. पुस्तक गेलं, एवढंच मशीनला कळतं. खरंच गेलं का, हे बघायला ते थोडंच येतंय? तपासणी झाली की परत आली म्हणून उतरवून टाका. कुणाचं काय जातंय?"

"खोटं लिहू?"

"लिहायचं कुठंय? बटण दाबायचंय."

चौथीत असताना हाच पोरगा शेजाऱ्याच्या वहीतली गणितं उतरवून आणायचा आणि पकडला गेला की असाच निरागस चेहरा करायचा. तेव्हा त्यांनी त्याला कान धरून उभं केलं होतं. आता तो मुख्याध्यापक होता आणि त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, हीच मोठी किळसवाणी गोष्ट होती.

"आणि कपाटात पुस्तकं दिसली तर?" त्यांनी विचारलं, आणि विचारताक्षणी त्यांना कळलं की आपण हो म्हणून बसलो आहोत.

"महिनाभर घरी नेऊन ठेवा ना. आपलंच घर आहे."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई मशीनपाशी बसल्या. पुस्तकाच्या पाठीवरच्या रेघांवर लाल उजेड पडला की टिक व्हायचं, मग मुलाचा नंबर घालायचा की झालं. पहिल्या दोन-तीन पुस्तकांना त्यांचा हात जड झाला. पुढे मात्र त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. कोणतंही पुस्तक कुणाच्याही नावावर चढवता आलं असतं, मशीनला सोयरसुतक नव्हतं. पण ते त्यांना जमेना. किड्यांचं पुस्तक त्यांनी त्या खिशात सुरवंट घेऊन फिरणाऱ्या पोराच्या नावावर टाकलं. पुलांचं पुस्तक गवंड्याच्या मुलीला दिलं. लबाडी करायची तर निदान ज्याचं त्याला द्यावं, असा काहीतरी हिशेब त्यांच्या मनाने केला असावा. आणि समुद्राच्या तळाचं ते भलं थोरलं पुस्तक त्यांनी पाणबुडीच्या नावावर चढवलं.

पाणबुडी हे नाव बाईंनीच ठेवलेलं. तिसरीतली किडकिडीत मुलगी, जाड भिंगांचा चष्मा, नाक कायम पुस्तकाला टेकलेलं. मधली सुट्टी झाली की हात धुऊन, झग्याला पुसून ती त्या पुस्तकात जी बुडी मारायची ती घंटा झाल्यावरच वर यायची. दुसऱ्या कुणाच्या नावावर ते पुस्तक टाकणं म्हणजे तिच्या ताटातलं काढून घेण्यासारखं झालं असतं. बाईंनी तिचा नंबर घातला तेव्हा त्यांना थोडं बरंसुद्धा वाटलं.

पुस्तकं पिशव्यांत भरून रिक्षाने घरी गेली आणि पलंगाखाली जाऊन बसली.

सोमवारी मधल्या सुट्टीत पाणबुडी ओल्या हातांनी कपाटासमोर उभी राहिली. काचेमागे नुसत्या फळ्या होत्या.

"बाई, माझं पुस्तक कुठंय?"

"नेलंय कुणीतरी घरी."

"घरी नेतात?"

"आता नेतात."

"कुणी नेलं?"

"ते नाही सांगता येत. येईल परत. तू दुसरं घे काहीतरी."

तिने दुसरं काही घेतलं नाही. रिकाम्या फळीकडे थोडा वेळ बघितलं आणि हात वाळवत निघून गेली. नंतर रोज यायची, काचेतून डोकावायची आणि परत जायची. बाई मान वर करत नसत. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं त्या स्वतःला सांगत. कपाट वाचलं तर पुस्तकं वाचतील, पुस्तकं वाचली तर ही पोरगीच वाचणार आहे ना! हे सगळं खरं होतं आणि तरी ती दारात दिसली की बाईंना स्वतःच्या तोंडाची चव कडवट लागे.

अध्यक्ष म्हणाल्याप्रमाणे आले नाहीत. त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं, तपासणी पुढे गेली. पुस्तकं परत आली म्हणून दाखवावीत तर तपासणीच्या वेळी कपाट पुन्हा भरलेलं दिसणार आणि शंका येणार, म्हणून मुख्याध्यापकांनी ती तशीच ठेवायला सांगितली. परतीची मुदत टळली आणि मशीनने आपलं काम चोख केलं. घराघरांत फोनवर पुस्तक परत न केल्याचे संदेश गेले. हे मशीन करतं, हे बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. चार-दोन पालकांनी फोन करून आरडाओरडा केला, त्यांना कारकुनाने 'बघतो बघतो' म्हणून वाटेला लावलं.

पाणबुडीच्या आईने फोन केला नाही. कपड्यांच्या दुकानातून जेवणाच्या सुट्टीत ती मुलीला घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत आली. शिपाई बाईंना बोलवायला आला तेव्हा त्या आत गेल्या आणि दाराशीच थांबल्या. मुलीच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"पुस्तक हरवलं सर हिने," आई म्हणाली. तिने फोन टेबलावर ठेवला होता, पुरावा म्हणून. "मला आधी म्हणाली, नेलंच नाही. दोन दिवस तेच. नेलं नाही, नेलं नाही. मी म्हटलं, अगं शाळा खोटं बोलेल का? मशीनमध्ये आलंय तुझं नाव. मग जरा हात उचलला मी. काय करणार? खोटं बोललेलं नाही खपत मला. तेव्हा कुठे कबूल झाली."

"काय कबूल झाली?" बाईंनी विचारलं.

"सांग बाईंना."

मुलीने चष्म्यातून वर पाहिलं. "मी नेलं होतं," ती म्हणाली. "माझ्याकडून हरवलं. रस्त्यात."

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. ही वेळ होती. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य त्याने उच्चारावं, निदान एवढं तरी त्यांच्या हातून घडलेल्या संस्कारांतून उरलं असावं, असं त्यांना त्या क्षणी फार वाटलं.

मुख्याध्यापकांनी हात जोडल्यासारखे केले आणि प्रेमळ हसले. "ताई, पोरं आहेत. व्हायचंच. शाळेच्या वतीने मी सांगतो, आम्ही हे माफ केलं. भरपाई नको, काही नको. पुन्हा करू नकोस हं बाळ."

आईचे डोळे भरून आले. "सर, फार उपकार झाले. नाहीतर हल्ली कोण एवढं समजून घेतं? सॉरी म्हण. बाईंनाही म्हण."

"सॉरी बाई," मुलगी म्हणाली. "परत नाही नेणार."

दिराच्या त्या माफीची बाईंना इतकी घाण वाटली की तिथून पळून जावंसं वाटलं. पण तो तरी एकटा थोडाच होता? बोलायला त्यांनाही तोंड होतं. ते उघडलं की कपाट गेलं, नोकरी गेली, दीर गेला. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द आले ते असे, "असू दे. रडू नकोस."

मुलगी रडत नव्हती.

अध्यक्ष आले ते मांडवात गळ्यात पडलेला हार अजून तिथेच असल्याच्या थाटात. आकडे बघून ते हरखले. एवढा वापर कुठल्याच शाळेत नव्हता! मंडळाच्या धोरणामुळेच मुलं वाचायला लागली, हे त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. कपाट राहू द्यायचं ठरलं. टॅब ठरलेलेच होते, तेही आले. लांबलचक टेबलाची एक बाजू त्यांना दिली गेली, आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला बारीक साखळी लावून ती टेबलात पक्की केली. दोन दिवसांनी फोटो काढायला मंडळ पुन्हा येणार होतं. त्याआधी बाईंनी पलंगाखालून पिशव्या काढल्या, पुस्तकं जागच्या जागी लावली आणि मशीनवर एकेक उतरवलं. प्रत्येक पुस्तकाला मशीन 'धन्यवाद' म्हणत होतं.

फोटोच्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी पाणबुडीला वर्गातून बोलावून घेतलं. समुद्राच्या तळाचं पुस्तक त्यांनी टेबलावर काढूनच ठेवलं होतं.

"बघ," त्या म्हणाल्या. "सापडलं."

मुलीने पुस्तकाला हात लावला नाही. "कुठे होतं?"

"होतं. तू नेलंच नव्हतंस."

ती विचारात पडली. कबूल केलेली गोष्ट आता परत कशी घ्यायची, हे तिला समजत नसावं. मग म्हणाली, "मग आईला सांगाल तुम्ही?"

बाई काही बोलणार तोच पलीकडून मुख्याध्यापकांची हाक आली. "बाई, या लवकर, साहेब खोळंबलेत." कपाटासमोर सगळे ओळीने उभे होते. अध्यक्षांनी बाईंसाठी आपल्या शेजारी मानाची जागा ठेवली होती. बाई गेल्या. एक फोटो झाला, दुसरा झाला, तिसऱ्यात कुणाचे तरी डोळे मिटले म्हणून चौथा झाला.

परत येऊन बघतात तो पुस्तक काचेमागे त्याच्या जागी होतं, पाठ सरळ रेषेत लावलेली. पाणबुडी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला टॅबसमोर बसली होती. पडद्यावर एक निळा मासा उजवीकडून डावीकडे जात होता, पुन्हा उजवीकडून डावीकडे जात होता.

बाई तिच्याजवळ वाकल्या. "अगं, ते घे ना. तुझंच आहे ते. हवं तर खरंच घरी ने."

"नको बाई," ती म्हणाली आणि साखळी हलकेच ओढून पाहिली. "हा बरा आहे. हा बांधलेला आहे. मी नेला, असं कुणी म्हणू शकत नाही."