दस्तीखालचा भाव

मी दस्ती बोलतेय. पुण्यामुंबईचे लोक मला रुमाल म्हणतील; म्हणोत बापडे. आमच्या परभणीकडं मी दस्तीच. सहा वर्षांमागं मानवतच्या एका दुकानातून दत्तरावानं मला विकत घेतलं. दत्तराव बैलबाजारातला दलाल. मला घेतलं ते भाव झाकायला.

आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं सांगत नाहीत. मालक दलालाचा हात धरतो, वरून मला टाकतात, आणि माझ्याखाली बोटं बोलतात. एक बोट धरलं की दहा हजार, अख्खा पंजा धरला की पन्नास; मधल्या सुट्या हजारांच्या खुणा वेगळ्या. भोवतीचे लोक माना लांब करून बघतात. दिसतंय काय, तर माझी पाठ!

त्यामुळं आठवड्याचा भाव मला सगळ्यांच्या आधी कळायचा. दिवाळीनंतर उतरतो, उन्हाळ्यात चारा संपत आला की आणखी पडतो, आणि पेरणी तोंडावर आली की असा चढतो की विचारू नका. यंदाही तेच. एका बाजारी अडतीस, पुढच्या बाजारी बेचाळीस, मग पंचेचाळीस.

त्याच बाजारी जिंतूरकडची पंचफुला आली. तिच्या जोडीतला एक बैल साप चावून गेला होता. पदरात पंचेचाळीस हजार बांधलेले.

“दत्तूदादा, आजच पाहा काहीतरी. पुढच्या बाजाराला हे पैसे पुरायचे न्हाईत. एका बैलावर पेरणी होती का?”

दत्तरावानं तिला पंडितमामांचा तांबडा बैल दाखवला. लय गुणी जनावर. पंचफुलाची नजर त्याच्यावरून हलेना.

आता खरी गोष्ट सांगते. महिन्यामागं कडबा कापायच्या यंत्रात दत्तरावाची उजवी करंगळी गेली होती. तुटक्या बोटाच्या दलालाला कोण विचारणार, म्हणून गडी दिवसभर हात खिशात घालून हिंडत होता. खिशातून निघाला तो थेट माझ्याखाली. मला सगळं ठाऊक होतं, पण दस्तीला तोंड कुठंय?

पंडितमामांनी अख्खा पंजा आवळला. पण त्या पंजात बोटंच चार; दत्तरावानं तेवढीच मोजली.

“चाळीसला सुटला!” दत्तराव ओरडला.

पंचफुलानं हरखून बैलाच्या कपाळाला कुंकूसुद्धा लावलं.

“चाळीस?” पंडितमामा उसळले. “म्या पन्नास धरले! लबाडी करायलास काय रे?”

गर्दी जमली. दत्तरावाचं तोंड उतरलं. मग त्यानं मला झटक्यात ओढलं आणि हात सगळ्यांपुढं धरला.

“मामा, लबाडी न्हाई. करंगळीच न्हाई. लाज वाटली, म्हणून लपवलं. चूक माझीच.”

पंडितमामा बघतच राहिले. “आरं येड्या, आधी दाखवायचं न्हाई का?”

पंचफुला पुढं झाली. “मामा, चाळीसला नेऊन तुमचं नुकसान मला नको. पण पन्नास न्हाईत माझ्यापाशी. पंचेचाळीस हायत, तेवढे घ्या.”

मामांनी बैलाकडं पाहिलं. “कुंकू लागलेलं जनावर घरी कसं न्यावं, माय? आण पंचेचाळीस.”

हुश्श! माझा तर धागा न् धागा सैल पडला. पंचफुलाला रडू आवरेना. दत्तरावानं मला तिच्या हातात दिलं. “पूस डोळे. दलाली नको मला.” त्या गडबडीत मी तिच्याकडंच राहिले.

आता मी भाकरी बांधते. दत्तराव म्हणे भाव तोंडानं सांगतो, आणि त्याचं काही अडलेलं नाही. सहा वर्षं दुसऱ्यांची गुपितं झाकली, सुटले बाई एकदाची! तुम्हीही बाजारात आलात तर भाव मोठ्यानं विचारा, त्यात लाज कसली?

बरं, पुरे करते. पंचफुलानं भाकरी बांधून मला डोक्यावर घेतलंय. पाऊस चांगला झालाय, आणि वावरात दोन्ही बैल तिफणीला जुंपलेत.