मास्तरांचा डावा पाय

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर तोंडाने फाटके आणि मनाने मऊ. तोंड साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मन त्यांच्या डाव्या पायात होतं, आणि तिथेच घोळ झाला.

त्यांच्या एकुलत्या एक गाडीचा क्लच भलताच जड होता. केबल गंजलेली, पेडल दाबताना पोटरीत गोळे यायचे. केबल बदलायची तर एक दिवस शिकवणी बंद, म्हणून मास्तर आज-उद्या करत राहिले. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पुढ्यातही क्लच असतो. शिकणाऱ्याचा पाय थकला, की "दाबा, दाबा, झोपलात का?" असं खेकसत ते आपल्या बाजूचं पेडल गुपचूप दाबायचे.

शिकायला येणाऱ्या ताईच्या बाबतीत हे रोजचंच झालं. ताई रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काचेच्या नळ्या धुवायची. जंतुनाशक पाण्याने तिची बोटं सोलून निघाली होती, आणि डॉक्टरांनी ते काम सोडायला बजावलं होतं. लॅबच्याच व्हॅनवर ड्रायव्हरची जागा निघाली होती. सोमवारी लायसन्स दाखवलं तर जागा तिची, नाहीतर दुसऱ्या कुणाची. तिचे हात पाहून मास्तरांचा जीव तुटायचा. पुढेपुढे तर पाय आपोआप जायचा, त्यांचं त्यांनाही कळायचं नाही.

लायसन्सच्या परीक्षेला मास्तरांच्या जागी आरटीओचे साहेब बसले. मास्तर कुंपणापाशी उभे राहिले. ताईने गाडी सुरू केली, आणि मास्तरांचा डावा पाय क्लच दाबावा तसा आपोआप मातीत रुतला. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तोंडचं पाणी पळालं.

गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा आचका. चढावर ती मागे घसरली तेव्हा साहेबांनीच ब्रेक दाबला. मग ते कागदावर काहीतरी खरडून उतरले.

ताई आली ती घामाने निथळत. "मास्तर, रोज किती हलका असतो हो क्लच! आजच पायाला काय झालं माझ्या?"

'घाबरलात, होतं असं' हे वाक्य मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"ताई, रोज तो मी दाबत होतो."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. तुम्हाला त्रास नको म्हणून."

ती चार शिव्या देती तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

"केबल आजच बदलतो," ते घाईघाईने म्हणाले. "पुढची तारीख घेऊ—"

"पुढची तारीख महिन्याने मिळते. सोमवार परवा आहे." तिचा आवाज चढला नाही. "ते जाऊ द्या. मला एवढंच सांगा, मला गाडी येते का?"

मास्तरांनी तोंड उघडलं. महिनाभर ते रोज तिच्या शेजारी बसले होते, आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं.