हिवरतळची ज्वारी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. पण ‘बिचारा’ म्हणाल तर खबरदार! हिवरतळच्या शाळेच्या अडगळीत, मोडक्या फळ्यामागे मी धूळ खात पडलोय हे खरं. तरी मान खाली घालून बसलेलो नाही. आयुष्यातली तीन वर्षं मी खोटं बोललो आणि एकदाच खरं बोललो. त्या एकदाची ही गोष्ट.

माझा जन्म विलायतेतला. महायुद्धाच्या धामधुमीत मी बोटीनं मुंबईला आलो आणि तिथून सरकारी प्रचाराच्या गाडीत बसून साताऱ्याला. एक भिंग, एक दिवा, दोन रिळं आणि एक कर्णा, एवढाच माझा संसार. मला चालवायला मिळाले चांदसाहेब. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू यावा. रोज सकाळी ते माझं भिंग मलमलच्या फडक्यानं पुसत. तसं पुन्हा कुणी पुसलं नाही.

सरकारी फिल्म इंग्रजीत बोलायची. म्हणून गावोगावी तिचा आवाज बंद करायचा आणि चांदसाहेबांनी माइक धरून मराठीतून सांगायचं, अशी रीत होती. काय सांगायचं ते कागदावर छापून येई. खेळ संपला की ते पोराबाळांसाठी रीळ थोडं उलटं फिरवत. मग घोडा मागे मागे चाले, सांडलेलं पाणी घागरीत शिरे. लोक पोट धरधरून हसत. त्याला सगळे ‘उलटा खेळ’ म्हणत.

त्रेचाळीस साल सरता सरता एक फिल्म आली. पहिल्या भागात इटलीच्या डोंगरात लढणारे आपले जवान. दुसऱ्या भागात हे आपलं हिवरतळ! शेतकरी सरकारी ढिगावर टोपल्या टोपल्या ज्वारी ओततायत, बाजूला हंबीरराव पाटील पटका बांधून उभे आहेत, आणि ज्ञानू नावाचा तरणाबांड गडी ज्वारी ओतताना खळखळून हसतो आहे. कागदावर छापलेलं होतं, ‘हा पाहा, लढाईसाठी राजीखुशीनं दाणा देणारा शेतकरी!’ चांदसाहेब तसंच म्हणायचे. आम्हाला काय ठाऊक?

ती फिल्म आम्ही एक हिवरतळ सोडून जिल्हाभर दाखवली, सांगलीला दाखवली, पार जतच्या माळापर्यंत नेली. जतमध्ये तर पाऊस नाही, पाणी नाही. तिथली एक म्हातारी ज्ञानूचं हसू बघून म्हणाली, “त्येवढं तरनं पोर हसत देतंय, मग आमी कसं मागं ऱ्हायचं?” दुसऱ्या दिवशी तिनं बियाण्याची ज्वारीसुद्धा आणून दिली. मित्रांनो, तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. उजेड माझा होता.

लढाई संपली. सरकारनं मला लिलावात काढलं आणि हंबीररावांनी मला त्या फिल्मसकट घेतलं, चांदसाहेबांनाही नोकरीला ठेवलं. लोकल बोर्डाची निवडणूक आली होती. पाटलांच्या डोक्यात एकच, की आपण फिल्ममध्ये आहोत! जिथं तिथं तीच लावायची. ‘मी लढाईला धान्य दिलं, माझं गाव एकदिलानं सरकारमागं उभं होतं,’ असं सांगून मतं मागायची. इथवर ठीक होतं. पण हौसेला मोल नसतं. त्यांनी ती फिल्म खुद्द हिवरतळात लावली, जिथं ती तोवर कुणीच पाहिली नव्हती.

दिवेलागणीला देवळापुढं पडदा लागला. डोंगरातली लढाई झाली. ज्वारीचा ढीग आला, ज्ञानू हसला आणि चांदसाहेब सवयीनं म्हणाले, “हा पाहा, राजीखुशीनं...”

“बंद करा त्ये!”

बायकांतून एक बाई उठली होती. ज्ञानूची बायको, रंगूबाई. आपला मेलेला नवरा ती पडद्यावर हसताना बघत होती. चांदसाहेबांनी झटकन रीळ थांबवलं. रंगूबाई सरळ माझ्यापाशी आली. “चांदभाई, त्यो भोंगा माज्या हातात द्या.”

“चांद्या, दिलास तर उद्यापासनं कामावर येऊ नगंस,” हंबीरराव गरजले.

चांदसाहेबांनी एकदा पाटलांकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं. मग माइक तिच्या हाती दिला. मला वाटलं, माझा दिवा आनंदानं फुटेल.

“ती ज्वारी राजीखुशीनं न्हाई दिली,” रंगूबाई बोलू लागली. तिचा आवाज कर्ण्यातून वेशीपार गेला. “दारात पोलीस हुबं हुतं. सायेब म्हनला, हसा. कुनी हसंना. एकच टोपली चार येळा ओतायला लावली. येवढ्यात सायबाची टोपी वाऱ्यानं उडाली आन् म्हाताऱ्या गाईनं चावली. माजा धनी त्या टोपीला हसला! पुढच्या येळंला त्यानं दाना द्यायला न्हाई म्हटलं, तर त्याला धरून न्हेला. तुरुंगातनं त्येचं घोंगडं तेवढं माघारी आलं. त्याला राजीखुशीचा म्हनू नगा.”

“ही बाई फौजेचा अपमान करतीया!” हंबीरराव ओरडले.

तेव्हा हरिबा उठला. इटलीच्या लढाईत त्याचा एक हात गेला होता. “पाटील, हात माजा गेला. मला अपमान वाटला न्हाई, तुमास्नी कसा वाटला?”

सगळं गाव हसलं. त्या हसण्यातच चांदसाहेबांनी माझा खटका फिरवला आणि रीळ उलटं सुरू झालं. सरकारी ढिगावरची ज्वारी उसळून टोपल्यांत परत शिरली. भरल्या टोपल्या घेऊन माणसं मागं मागं घराकडं चालली. ज्ञानूही चालला, हसत, टोपली खांद्याला लावून.

“ज्वारी घरला आली रं!” कुणीतरी ओरडलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. चांदसाहेब काहीच सांगत नव्हते. सांगायला कागद नव्हता.

तापलेली पोरं फिल्म जाळायला धावली. रंगूबाई आडवी आली. “जाळू नगा. माजा धनी हाय त्यात. खोटं हाय त्ये ऱ्हाऊ द्या, म्हंजे खरं काय त्ये सांगाया येतं.”

हंबीरराव पुढं निवडून आले. उगाच खोटं कशाला सांगू? पण ती फिल्म त्यांनी पुन्हा कुठं लावली नाही. चांदसाहेबांची नोकरी गेली. जाताना त्यांनी माझं भिंग पुसलं आणि म्हणाले, “गड्या, आज आपुन सुटलो.” मला पाटलांनी ‘शाळेला देणगी’ म्हणून इथं आणून टाकलं. देणगी कसली, डोळ्यांसमोर नको होतो!

मित्रांनो, माझा दिवा गेलाय, पण भिंग शाबूत आहे. ज्वारीची फिल्म माझ्याच शेजारी डब्यात आहे. मला पुसा, तेल घाला, नवा दिवा बसवा. मग माइक माझ्या मालकाला देऊ नका, कागदालाही देऊ नका. पलीकडच्या आळीत रंगूबाई अजून आहे. तिला बोलवा.