मादीवरचा पहिला बार

मी एक ठासणीची बंदूक बोलतेय. मंडणगडच्या डोंगरातल्या एका वाडीत, दादूंच्या घरी मी राहते. नळीतून आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे ठासायचे, की मी तयार. पण बार एकच. तो चुकला तर मला पुन्हा भरेपर्यंत जनावर ओढा ओलांडून जातं. त्यामुळे मला खांद्याला लावणारा माणूस फार विचार करतो.

दादूंच्या वडिलांनी पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून मला आणलं. पुढे मी दादूंच्या हाती आले. त्यांचा नेम चांगला होता आणि नियम कडक. रानडुकरांत नर दिसला तर बार, मादी दिसली तर नळी खाली. "तिची पोरंबाळं असतात," म्हणायचे. मलाही ते पटायचं.

तेव्हा वाडीत घरोघर भात लागायचं. मग माणसं मुंबईला गेली, शेतं ओसाड पडली आणि रान परसापर्यंत आलं. रानाबरोबर डुकरंही आली. एकदा सकाळी शेजारच्या सखूवहिनी बांधावर गेल्या आणि डुकरानं त्यांची मांडी फाडली. तेव्हापासून त्या लंगडतात. त्यांनी भात लावणंच सोडलं.

दादूंना दिसेनासं झालं तेव्हा परवान्यावर त्यांच्या सुनेचं, वेदिकाचं नाव चढलं. तिचा नवरा विनोद मुंबईत नोकरीला; इथली शेती तीच बघते. यंदा भात पिकायला लागलं तसं तिनं खेपा घालून वनखात्याकडून डुकरं मारायची परवानगी आणली. ओटीवर बसून मला खोबरेल लावता लावता ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, आपण दरवर्षी नर मारतो. डुकरं कमी झाली?"

"नाय झाली."

"कशी होतील? एक नर उरला तरी सगळ्या माद्या वितात. एकेकीला पाच-सहा पिल्लं. या खेपेला मादी मारायला हवी."

दादू तंबाखू मळू लागले. "मी या बंदुकीनं कधी मादी मारलेली नाय, बाय."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर विचारतेय. नायतर शेती सोडूया. हे बोलावतायतच मुंबईला."

दादूंनी तंबाखू न खाताच झटकून टाकली. "उद्या मी पण येतो," म्हणाले.

उजाडताना दोघं करवंदीच्या जाळीआड बसली. धुक्यातून एक थोराड डुकरीण निघाली. मी वेदिकाच्या खांद्याला होते, तिचं बोट चापावर होतं. दादूंना दिसत नव्हतं, पण कान तिखट होते.

"बारकी आहेत गो तिच्यासंगं," ते कुजबुजले.

"हो. पट्ट्यापट्ट्यांची. अंगाखाली घुसतायत."

वेदिकानं बोट काढलं आणि नळी खाली केली. "ही मेली तर ती जाळीत भुकेनं मरतील," ती म्हणाली. डुकरीण आणि पिल्लं भातात शिरली. मग वेदिका उठून ओरडली, तशी ती पळाली. तेवढ्यात भाताचा एक कोपरा आडवा झालाच होता.

पुढच्या आठवड्यात तिथंच एक जवान मादी आली. एकटी.

"पिल्लू नाही बाबा. पोटही खपाटीला आहे."

दादू हळूच म्हणाले, "आमच्या टायमाला शेतं भरपूर, डुकरं थोडी. तेव्हा मादी राखायची होती. आता शेतंच थोडी उरली. टाक बार."

माझ्या धक्क्यानं वेदिका मागे रेलली. मादी जागीच पडली. दुपारी वनरक्षक आले, पंचनामा झाला, मादी पुरली. वेदिका हात धुवायला गेली तेव्हा दादू चाचपडत तिच्यामागे गेले आणि त्यांनीच तिच्या हातावर पाणी घातलं.

त्या हंगामात आणखी दोन माद्या पडल्या. पिल्लांची आई मात्र एकही नाही. तेवढं दोघांनी ठरवून टाकलं होतं. भात सगळं वाचलं नाही, पण खाण्यापुरतं घरात आलं.

झोडणी चालू असताना सखूवहिनी लंगडत खळ्यावर आल्या. "माझ्या शेताकडं पण बघशील काय गो? लावीन म्हणते पुढच्या साली."

"बघीन. पण नुसत्या बंदुकीनं नाय भागायचं, वहिनी. आपल्या शेतांमधलं रान कापूया दोघी."

दुसऱ्या दिवसापासून त्या दोघींचे कोयते मला घरात बसून ऐकू येत होते.

आता मी खुंटीला आहे. दस्त्याला चीर गेलीय, चाप जड झालाय. तीन माद्या मारल्या, त्या गरजेनं मारल्या. त्यांची मला प्रौढी नाही. मुंबईला गेलेल्या माझ्या माणसांना एवढंच सांगते: निदान आपापल्या शेतातलं रान कापायला तरी या. माणसाचा वावर असला की डुक्कर बिचकून असतं. मग मी इथंच गंजून गेले तरी मला वाईट वाटणार नाही.