झुडपापासून चार पावलं

"एक मिनिट थांबतो," असं म्हणत ऑरिन टेब्सनं पिकअप तिसऱ्यांदा रस्त्याच्या कडेला घेतली. जनीलनं काचेतून पाहिलं, तर पुन्हा तेच. कुठल्याशा ट्रकच्या फुटलेल्या टायरची लांबलचक पट्टी डांबरावर पडली होती. ऑरिन उतरला, पट्टी ओढत आणून मागच्या हौद्यात टाकली, पँटला हात पुसले आणि येऊन बसला. या रस्त्याच्या देखभालीच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्याला आठ वर्षं झाली होती, पण रस्त्यात पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे.

"काका, आता ते काम दुसऱ्या कुणाचं आहे," जनील म्हणाली.

"दुसरे करत नाहीत ना."

खरी गोष्ट अशी होती, की आज त्याला एक्केचाळिसाव्या मैलाच्या दगडाशी पोचायचंच नव्हतं. एरवी तो ते ठिकाण न बघता, मान सरळ ठेवून मागे टाकायचा. आज तिथं थांबायचं होतं. गावच्या समितीची व्हर्ला चार वाजता फलक घेऊन येणार होती. तो नेमका कुठं रोवायचा ते ऑरिननं दाखवायचं होतं, आणि घरच्यांची हरकत नाही अशा कागदावर जनीलनं सही करायची होती. एवढ्यासाठी ती नेवाडाहून पाच तास गाडी हाकत आली होती.

रेड वॉश गावात एके काळी सिनेमाच्या कंपन्या दर उन्हाळ्यात उतरायच्या. गावातला निम्मा माणूस तेव्हा पडद्यावर मेलेला होता, आणि उरलेल्या निम्म्यानं घोडे धरले होते. आता कंपन्या येत नाहीत, जुने फोटो घेऊन फिरणारे हौशी लोक येतात. फोटोतली डोंगराची कड समोरच्या कडेशी जुळली की लहान मुलासारखे नाचतात. त्यांच्यासाठी समितीनं रस्त्यालगत अकरा फलक लावले होते. बारावा डेलचा. डेल म्हणजे ऑरिनचा थोरला भाऊ, जनीलचा बाप. सिनेमात ठरल्या जागी घोड्यावरून पडणं हे त्याचं काम. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तो गेला.

फलकावरचा मजकूर गावाला तोंडपाठ होता. 'या ठिकाणी डेल टेब्स घोड्यावरून पडला. चार पावलं चुकून.'

जनीलला आधी बाकीच्या जागा बघायच्या होत्या, आणि ऑरिनला तेच हवं होतं. त्यानं तिला प्लॅस्टरचा किल्ला दाखवला. पुढून तीस फूट उंच भिंत, मागे नुसते टेकू. तिनं हात लावला तर बोटांना पांढरी भुकटी लागली. मग वाळूच्या टेकड्या दाखवल्या. तिथं तिची आजी सिनेमासाठी टोपडं घालून एका दिवसात अकरा वेळा गाडीमागून रडत चालली होती, आणि बाराव्या वेळी खरंच रडली होती, कारण बुटात वाळू गेली होती. जनील हसली. ऑरिनही हसला, पण त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. एका जागी पाच मिनिटं झाली की त्याच्या पायांना चाळा लागायचा. उगाच कुंपणाची तार हलवून बघ, गाडीचं पाणी बघ. तिला वाटलं, काका म्हातारा झाला, जरा भिरभिरा झाला.

दुपारी पेट्रोल पंपालगतच्या दुकानात दोघांनी चीजचं सँडविच खाल्लं. दुकानदारानं जनीलचं नाव विचारलं, आणि ऐकताच त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे चार-पावलं डेलची मुलगी तू?" असं म्हणून तो मोकळेपणी हसला. मनात काही वाईट नव्हतं, डेल गेल्याचं आठवून त्यानं लगेच टोपीही काढली. जनीलनं मान हलवली. ऑरिननं उरलेलं अर्धं सँडविच कागदात गुंडाळून ठेवून दिलं.

 गाडीत बसल्यावर जनील आपणहूनच सांगू लागली. ती नऊ वर्षांची असताना डेल तिला गावच्या रोडिओला, घोडेस्वारीच्या खेळांना, घेऊन गेला होता. तो लंगडत आपल्या जागेकडे निघाला, तेव्हा भोंग्यावरून बोलणारा माणूस म्हणाला, डेलराव, खुर्ची चार पावलं डावीकडे आहे बरं का. सगळं मैदान हसलं. डेलनं हॅट उचलून चारी बाजूंना दाखवली, जणू हार घातला असावा त्याला.

"आणि मी काय केलं, माहितीये? धावत जाऊन गाडीत लपले. घरी येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. ते एका शब्दानं विचारतील म्हणून मी वाट बघत होते, तर त्यांनी आईस्क्रीम घेऊन दिलं."

ऑरिननं चाक घट्ट धरलं. त्याला वाटलं, आत्ता सांगावं. पण पुढच्या वळणावर त्याला एक पडलेली कुंपणकाठी दिसली आणि त्यानं गाडी थांबवली.

साडेतीनला ती जागा आलीच. ओढ्याचं कोरडं पात्र, पलीकडे लाल कडा, आणि पात्राच्या काठाला ऐरणीसारखा एक चपटा खडक. बाकी काही नाही. या एवढ्या जागेला टाळत त्यानं आपलं आयुष्य काढलं होतं, आणि तरी नोकरी मात्र याच रस्त्यावर धरली होती.

जनीलनं पिशवीतून आईच्या पेटीत सापडलेला एक फोटो काढला. कंपनीच्या छायाचित्रकारानं त्या दिवशी सकाळी घेतलेला. घोड्यावर बसलेला पंचवीस वर्षांचा डेल, आणि मागे ऐरणीच्या खडकाला लागून सेजचं एक राखाडी झुडूप. मग तिनं फोनवर सिनेमातला तो तुकडा लावला. धूळ, दौडत येणारा घोडा, आणि डेलनं सोडलेली रिकीब.

"मी हा पन्नास वेळा पाहिला, काका. सकाळी झुडूप खडकापाशी आहे. सिनेमात ते खडकाच्या बरंच पुढं आहे. बाबा मला घोड्यावर शिकवताना एकच गोष्ट म्हणायचे, झुडपापाशी सोडायचं, त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही. मग ते स्वतः चुकतील कसे? झुडूप कुणी हलवलं?"

ऑरिन खडकाकडे गेला, तिथून परत गाडीकडे आला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, येरझाऱ्या घालत. पडणाऱ्यासाठी जमीन तयार करायची असते. तो तेव्हा बावीसचा होता आणि हीबर लंट नावाच्या जुन्या गड्याच्या हाताखाली ते काम करत होता. गुडघाभर खोल खड्डा खणायचा, माती चाळणीनं चाळून खडा न् खडा वेचायचा, त्यात वाळू आणि लाकडाचा भुसा भरायचा, आणि वरून धूळ पसरायची, म्हणजे कॅमेऱ्याला कळत नाही. त्यांनी तसा बिछाना केला. हीबरनं खुणेचं झुडूप आणून खडकापाशी रोवलं आणि तो जेवायला गेला.

"ऊन असं होतं, की तासाभरात झुडूप मान टाकून बसलं. मला वाटलं, पडद्यावर मेलेलं दिसेल. म्हणून मी नवं कापून आणलं. आणि वाटलं, हीबर म्हातारा झालाय, खूण चुकीच्या जागी लावलीय. बिछाना इथं आणि खूण तिथं, असं कसं? म्हणून ते बिछान्याच्या मधोमध लावलं. भावाला मऊ लागावं म्हणून, जनील."

दौडता घोडा सोडला, की माणूस जागच्या जागी पडत नाही. घोड्याचा वेग त्याला चार पावलं पुढं नेतो. म्हणून झुडूप चार पावलं अलीकडे असतं. ते पडायची नव्हे, सोडायची जागा दाखवतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं, पण ऑरिन तेव्हा नुसती चाळणी धरून बसलेला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं. डेलनं बरोबर झुडपापाशी सोडलं, बिछान्यावरून उडून गेला आणि दगडासारख्या जमिनीवर कमरेवर पडला.

"पहिला मी पोचलो. तो शुद्धीवर होता. त्यानं मागे वळून झुडूप पाहिलं, मग मला पाहिलं. म्हणाला, उपट ते, फेकून दे ओढ्यात. मला वाटलं बरळतोय. तरी मी उपटलं. लोक येईपर्यंत खूण नव्हती. आणि कंपनीच्या साहेबाला तो म्हणाला, माझाच अंदाज चुकला."

जनीलनं फोन बंद करून खिशात ठेवला. "अठ्ठेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "शेजारच्या घरात राहत होतात तुम्ही. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचात."

"हो."

"तेव्हाही हसायचात? लोक हसायचे तेव्हा?"

ऑरिनला खोटं बोलता आलं असतं. "हसायचो," तो म्हणाला. "नाही हसलो तर कुणी विचारेल अशी भीती वाटायची."

ती त्याच्यापासून दूर जाऊन ओढ्याच्या काठावर पाठ करून उभी राहिली. त्याला तिच्याकडे जाण्याचा धीर झाला नाही. तेवढ्यात व्हर्लाची गाडी आली. मागे फलक, पहार आणि खणायला एक गडी. व्हर्ला उत्साहात उतरली आणि कुठं खणायचं ते विचारू लागली. गड्यानं तर खडकापाशी पहिली पहार घातलीसुद्धा.

"फलक परत ने, व्हर्ला. मजकूर खोटा आहे," ऑरिन म्हणाला.

"असं काय करता, ऑरिनभाऊ. सगळ्या गावाला माहीत आहे."

"सगळ्या गावाला चूक माहीत आहे. खूण मी हलवली होती. चार पावलं चुकली ती माझी. लिहायचंच असेल तर माझं नाव लिही."

व्हर्ला आधी हसली. चर्चच्या जेवणात बटाट्याची भांडी वाटणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा माणूस थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला. जनीलकडे पाहिलं. जनीलनं सही न करता कागद तिच्या हातात परत दिला. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून आपण हे सांगणार आहोत, असं ऑरिन म्हणाला, तेव्हा व्हर्लानं गड्याला फलक गाडीत परत ठेवायला सांगितलं.

गाडी निघून गेल्यावर ऑरिननं पिकअपमधून फावडं काढलं. खणलेला खड्डा बुजवायला म्हणून तो निघाला होता, पण आधी पात्राच्या पलीकडे जाऊन त्यानं सेजचं एक झुडूप मुळाशी कापून आणलं. ते ऐरणीच्या खडकाला लागून, नुकत्याच खणलेल्या भोकात उभं केलं आणि बुटानं माती दाबली. हीबरनं लावलं होतं तिथंच.

जनील आली. तिनं झुडपाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं नाही. झुडपाकडे पाठ करून, सिनेमात घोडा दौडत गेला त्या बाजूला ती चालू लागली, एकेक पाऊल बाबाच्या ढांगेएवढं टाकत. एक, दोन, तीन. सगळीकडे जमीन भाजल्या विटेसारखी होती, टाच आपटली की आवाज यायचा. चौथ्या पावलाला आवाज आला नाही. तिचा बूट घोट्यापर्यंत आत गेला.

तिनं वाकून मूठभर माती उचलली आणि बोटांमधून सोडली. बारीक, मऊ, चाळलेली. तिच्यात एकही खडा नव्हता.

"किती दिवस चाळली होती?" तिनं विचारलं.

"दोन," ऑरिन म्हणाला.

तिनं दुसरा पायही आत घेतला आणि तिथंच उभी राहिली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याच्या मागच्या चाकाचं काहीतरी सुटून कडेला पडलं. ऑरिननं ते पाहिलं, पण तो जागचा हलला नाही.