बुटांपाशी धरलेला अँटेना

शुक्रवारी सकाळीच अनारकानने कढई चढवली आणि सात बोर्सोक, कणकेचे फुगीर गोळे, तळले. घरात खायला ती एकटीच होती, पण हे खाण्यासाठी नव्हतंच. गेलेल्या माणसाला आपल्या घरातलं दुसरं काही पोचत नाही, तापल्या तेलाचा वास तेवढा पोचतो. दर शुक्रवारी ती बापाच्या नावाने वास काढायची. आज मात्र तिने पीठ जरा जास्त मायेने मळलं होतं, कारण आज चार वाजता बाप स्वतःच यायचा होता.

त्याचं नाव इस्मानाली. मेंढरं राखायचा आणि वीरांच्या गाथा गायचा. गायला बसला की ऐकणाऱ्यांचा चहा निवून जायचा, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे, अनारकानने दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकलेलं. तो अठ्ठाविसाव्या वर्षी खिंडीत हिमकड्याखाली गेला आणि त्यानंतर दोन महिन्यांनी ती जन्मली. त्याचा म्हणावा असा फोटोही नाही. एका घोळक्याच्या फोटोत तो आहे, पण टोपीच्या सावलीत तोंड काळं. चोपन्न वर्षं ती त्या सावलीकडे बघत आली होती.

आणि या वसंतात राजधानीतून फोन आला. जुन्या फितींच्या कोठारात अकरा मिनिटांची फीत सापडली होती, चित्र आणि आवाज दोन्ही असलेली. शुक्रवारी चारच्या कार्यक्रमात ती दाखवणार. "एकदाच दाखवायची परवानगी आहे हं, बाई," फोनवरच्या पोरीने बजावलं होतं.

एकदा तर एकदा. देणारा देतो तेव्हा मोजमाप आपण लावू नये.

पण देणाऱ्याने दिलेलं घरात यायला वाट नको? गेल्याच वर्षी जुनं प्रसारण बंद होऊन डिजिटल आलं होतं. जुन्या टीव्हीवर चित्रात बर्फ पडायचा, माणसाला दोन डोकी दिसायची, पण आवाज खरखरत का होईना यायचा. हे नवं मोठं मानी. आलं तर आरशासारखं लख्ख, नाही तर काहीच नाही. चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज घोटभर येऊन तुटतो. त्यात समोर नवी सहा मजली इमारत उभी राहिली आणि टेकडीवरचा प्रसारणाचा मनोरा खिडकीतून दिसेनासा झाला.

म्हणून दुपारीच जुमादिल बाइके, म्हणजे जुमादिलदादा, आला होता. तो वरच्या मजल्यावर राहायचा. तीस वर्षं मनोऱ्यावर नोकरी करून निवृत्त झालेला. लांब तार जोडलेला घरातला अँटेना त्याने आणला आणि म्हणाला, "कुठे ठेवायचा?"

"हे काय विचारणं?" अनारकान म्हणाली. दारासमोरच्या भिंतीशी पेटाऱ्यावर रजयांची चळत होती, घरातली मानाची जागा. चळतीवर तिने सकाळीच धुतलेलं पांढरं फडकं पसरून ठेवलं होतं. चळतीखाली गालिच्यावर शारापात आत्या बसली होती. इस्मानालीची थोरली बहीण, शहाऐंशी वर्षांची, डोक्याला पांढरंशुभ्र गुंडाळलेलं. ती पलीकडच्या खेड्यातून यासाठीच आली होती.

"माझा भाऊ येतोय," ती म्हणाली. "तो इथेच बसणार. माझ्या वरती."

अँटेना चळतीवर बसला. जुमादिलने टीव्हीवर मोजणीच्या दोन पट्ट्या काढल्या. ताकदीची पट्टी साठावर गेली. दर्जाची पट्टी शून्यावर.

"ताकद आहे ना?" अनारकान म्हणाली.

"आहे. पण ओरडणारे पुष्कळ आणि गाणारा एक नाही, अशातली गत. त्या इमारतीवर आपटून सगळा गोंधळ येतोय नुसता."

त्याने अँटेना उचलला. खिडकीत धरला, कपाटावर धरला, गालिचा टांगलेल्या भिंतीशी धरला. शून्य, चार, शून्य. तारेचं वेटोळं सोडत सोडत तो मागे सरकत गेला, खोलीतून बोळात, बोळातून बाहेरच्या दारापाशी. तिथे बुटांची रांग होती. जिन्यातली हवा यावी म्हणून दार उघडं होतं.

"बाइके, थांबा! एक्काहत्तर!" अनारकान ओरडली.

जुमादिलने मान वळवून जिन्याकडे पाहिलं. जिन्याला मोठी खिडकी होती आणि खिडकीत नदीपलीकडचा तांबडा कडा. त्याचा चेहराच बदलला. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. "सरळ येतच नाहीये. मनोऱ्यावरून निघतं, त्या कड्यावर आदळतं आणि जिन्यातून वर चढून येतं."

"कड्यावरून?" आत्याने आतून विचारलं. "त्या कड्याखाली मेंढरं चारायचा तो."

"मग ओळखीच्या वाटेने येतोय म्हणा, एजे," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं जुमादिल म्हणाला. "फक्त अँटेना इथे दारात ठेवावा लागेल."

"दारात कुठे?"

"इथे. बुटांपाशी."

आत काठी आपटली. मग आत्याचा आवाज चढला. "चोपन्न वर्षांनी माझा भाऊ घरी येतोय आणि त्याला तुम्ही बुटांत उभा करणार? उंबऱ्यात भिकारी उभा राहतो! आण तो इकडे!"

"अँटेनाला मानपान कळत नाही, एजे. त्याला दिशा कळते."

"तुला रे काय कळतं? चाळीस वर्षांत तुला तुझ्या बायकोची दिशा कळली नाही!"

जुमादिल खो खो हसला, पण अनारकानला हसू येईना. चारला वीस मिनिटं उरली होती. तिने बूट भराभर बाजूला सारून तिथे स्टूल ठेवलं, स्टुलावर पांढरं फडकं, फडक्यावर अँटेना. आत्या कुरकुरत का होईना, आतून आकडे सांगू लागली. हात सोडला तशी पट्टी घसरून बारावर. हातात धरला की पुन्हा सत्तर. खुंटीला टांगला, तीन. हातात, सत्तर.

"माणसाचं अंगसुद्धा एक तारच असतं," जुमादिल म्हणाला. "लहर त्यातूनही वाहते. शिकवलं होतं आम्हाला. पण इतकं कधी पाहिलं नव्हतं."

अनारकानने आपल्या हातांकडे पाहिलं. शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासून भेगाळलेले हात. यांतून जाणार होतं ते?

तरीही सत्तराला चित्र मधेच फुटत होतं. मग जुमादिलने चहाच्या समोवारखालचं मोठं पितळी तबक उचललं, जिन्याच्या खिडकीपाशी जाऊन ते तिरकं धरलं आणि इंच इंच फिरवलं. "आता?"

"ब्याऐंशी!" आत्या आतून ओरडली.

"मग मी इथून हलत नाही. तूही हलू नकोस."

चार वाजले. सूत्रधार बाईचा आवाज लख्ख घरभर पसरला, आणि तेव्हा कुठे अनारकानच्या ध्यानात आलं. ती दारात उभी होती. टीव्ही बोळाच्या वळणापलीकडे होता. तिथून पडद्याची कडसुद्धा दिसत नव्हती.

"आत्या! सुरू झालं?"

"घोडा दाखवतायत. आता डोंगर. आता..." आत्या बोलायची थांबली. "आला."

आधी एक खाकरणं ऐकू आलं. मग श्वास ओढल्याचा आवाज. मग तो गाऊ लागला.

 लोकांनी अनारकानला सांगितलं होतं, जाड आवाज, भरदार आवाज. हा तसा नव्हताच. तो कोवळा होता, धार असलेला, घोडा भरधाव सुटल्यासारखा. ओळ संपता संपता दुसरी ओळ तिच्यावर चढत होती, त्याला थांबायला उसंत नव्हती. हा आवाज कड्यावर आपटला होता. जिना चढून आला होता. या क्षणी तो तिच्या पंजांतून, दंडांतून जात होता आणि मग खोलीत उमटत होता. ज्याने तिला कधी कडेवर घेतलं नाही तो तिच्या हातांतून चालला होता. ती श्वास घ्यायलाही भ्यायली. जिन्यात जुमादिल तबक धरून पुतळ्यासारखा उभा होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

एवढं मिळालं, तिने मनाशी म्हटलं. आवाज मिळाला. तोंड आत्या सांगेल.

बोळात काठीचा ठक ठक आवाज झाला. मानाची जागा सोडून आत्या येत होती.

"आत्या, तुम्ही का उठलात? बसा! निघून जाईल!"

"दे इकडे."

"अहो, इथे बुटांत..."

"अठ्ठावीस वर्षं पाहिलंय मी त्याला," आत्या म्हणाली. तिने काठी भिंतीला लावली आणि बुटांच्या राशीतच, एका जुन्या गमबुटावर पाय देत, उभी राहिली. "मांडीवर निजवलंय. शेंबूड पुसलाय. तू एकदाही पाहिला नाहीस. दे माझ्या हातात आणि पळ, माझं शिंगरू, पळ!"

हात बदलताना आवाज तुटला. एक शब्द, दोन शब्द, नंतर शांतता. अनारकान जागच्या जागी गोठली. आत्याने डोळे मिटले, ओठांत बिस्मिल्ला म्हटलं आणि आपली वाळकी बोटं अँटेनाभोवती घट्ट आवळली. आत चित्राचे चौकोन सळसळल्यासारखा आवाज झाला, आणि गाणं पुढच्या ओळीवर पुन्हा उभं राहिलं.

अनारकान पळाली. पायातली सपात बोळातच राहिली.

पडद्यावर पांढऱ्या टोपीतला एक मुलगा गुडघे दुमडून बसला होता. टोपी मागे सरकलेली, कपाळ उघडं. सावली कुठेच नव्हती. बिश्केकमधल्या तिच्या मुलापेक्षा तो लहान होता. मिशी नुकती धरलेली, कानांच्या पाळ्या थंडीने लाल झाल्या असाव्यात असं वाटत होतं. डोळे मिटून तो पुढे मागे डुलत होता आणि हात हवेत तलवारी फिरवत होते. गाता गाता त्याने डोळे उघडले आणि सरळ तिच्याकडे पाहिलं.

मानाची जागा रिकामी होती, पण ती बसली नाही. टीव्हीसमोर उभी राहिली, हात आपोआप छातीवर आले. त्याच्या गळ्याशी सदऱ्याचं बटण उघडं होतं. ते लावावं, शाल पांघरावी, आज खिंडीकडे जाऊ नकोस म्हणावं, असं तिला वाटलं, आईला वाटावं तसं.

"दिसला का गं?" दारातून हाक आली.

"आत्या," अनारकान म्हणाली, "किती लहान आहे हो तो!"

"लहानच होता," दारातून आत्या म्हणाली. "आता बोलू नकोस. गातोय."